तू बसलास म्हणून पंप नवा झाला नाही

श्रीधर,

तुला हुतात्मा करून टाकलंय. ऐकायला तू नव्हतास, बरं झालं. नाहीतर हात बांधून, मान खाली घालून, "कसलं हो साहेब, कसलं" करत उभा राहिला असतास आणि मनातून फुलला असतास. मी ओळखतो ना तुला.

शोकसभा आपल्याच हँगरात झाली. तुझा फोटो एका स्टुलावर टेकवला होता, त्याला चंदनाचा हार, समोर उदबत्ती. हँगरात उदबत्ती! पेट्रोलच्या वासात! विडी ओढली म्हणून तूच एकदा वॉचमनला गेटाबाहेर हाकललं होतंस, आठवतं? इथं तुझ्याच नावानं अख्खा पुडा पेटवला आणि कुणाला काही वाटलं नाही. आपले मालक रेगेसाहेब पांढऱ्या सफारीत उभे राहिले, रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "श्रीधरनं विमानांच्या सुरक्षिततेसाठी प्राण दिले." मी मागे टूलबॉक्सवर बसलो होतो. मला हसू आलं. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका फुटला, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काय, त्या संध्याकाळी कळलं. दूध काढणाऱ्यांची तर रांग लागली होती.

रेगेसाहेबांनी आपल्या धंद्याला 'विमानसेवा' म्हटलं. सेवा कसली रे डोंबलाची? जुहूच्या धावपट्टीच्या टोकाला एक गळकं हँगर, त्यात चार सीटची दोन म्हातारी विमानं, आणि लग्नाच्या मांडवावर, कारखान्याच्या उद्घाटनावर, पुढाऱ्याच्या सभेवर वरून झेंडू ओतायचा धंदा. पुष्पवृष्टी म्हणे. हौसेला मोल नाही. मोठ्या विमानाला आपण थोरली म्हणायचो, दुसरीला धाकटी. थोरलीची दुरुस्ती आणि उडायची सही तुझ्याकडे, धाकटीची माझ्याकडे. दोघींची इंजिनं एकाच साच्यातली, आणि दोघींच्या पोटात तेच एक दातेरी चाक.

त्या चाकावरून आपलं जे भांडण झालं ते तू अर्धवट टाकून गेलास. भांडण असं अर्धवट टाकून जायची तुझी सवय जुनीच. चहाचा ग्लास ठेवायचास, "बघू रे संध्याकाळी" म्हणायचास, आणि संध्याकाळी भलतंच काहीतरी काढायचास. आता मी एकटाच बोलतो. तू ऐक. मध्ये बोलू नको.

इंजिन बनवणाऱ्या कंपनीनं परदेशातून कळवलं, या इंजिनांच्या तेलाच्या पंपातलं चाक खराब धातूचं निघालंय, त्याला तडा जातो, दात तुटतात, आणि दात तुटले की तेलाचा दाब एकदम शून्यावर येतो. ठराविक तास उडायच्या आत चाक बदला, नाहीतर विमान जमिनीवर ठेवा. आपल्याकडच्या सरकारी कचेरीनं तेच सक्तीचं केलं. अशा हुकमाला हँगरात सगळे नुसतं 'मॅन्डेटरी' म्हणायचे. "मॅन्डेटरी आलीय" म्हटलं की चर्चा संपली, एवढंच आपल्याला शिकवलेलं. आणि हे मला कुणी शिकवलं? तूच शिकवलंस. लायसन्सच्या परीक्षेआधी माझ्या अंधेरीच्या खोलीत बसून तू माझ्याकडून घोकून घेतलंस. "भास्कर, मॅन्डेटरीला 'का' नाही विचारायचं. 'का' विचारायला माणूस जिवंत उरत नाही." असं तू म्हणाला होतास. तुझ्या तोंडातून निघालेलं ते सगळ्यात शहाणं वाक्य असेल.

बरं, चाकं आली नाहीत असंही नाही. परवाना, कस्टम, सगळी रडारड होऊन आली. दोन्ही विमानांची आली. स्टोअरच्या मांडणीवर तेलकट कागदात गुंडाळून पडली होती. तू जाता-येता ती बघायचास. बसवायची म्हणजे इंजिन उतरवायचं, मागची बाजू खोलायची, विमान आठवडाभर तरी उभं. आणि रेगेसाहेब म्हणाले, "लग्नसराई संपू दे."

लग्नसराई! अरे, इंजिनाच्या पंपाला मुहूर्त कळतो का? मी धाकटी उभी केली. तास भरले, मी म्हटलं, आता चाक बदलल्याशिवाय माझी सही नाही. रेगेसाहेब चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी मला धाकटीचं इंजिन उतरवूही दिलं नाही, का तर "अडीनडीला लागली तर?" म्हणजे उडवायला सही नाही, दुरुस्त करायला परवानगी नाही, नुसती उभी. बाजूला तुझी थोरली दिवसाआड हवेत. तास तर तिचेही भरत आले होते. मी तुला विचारलं, तास कसे पुरतायत रे तुझे? आणि तू काय सांगितलंस? आठवलं तरी डोकं फिरतं. तू म्हणालास, "फुलांच्या फेऱ्या मी धरतच नाय."

"म्हणजे?"

"अरे, वर जायचं, मांडवावर एक गोल मारायचा, खाली यायचं. हे काय उड्डाण? ही प्रदक्षिणा. देवळात प्रदक्षिणा घातली तर माणूस प्रवासाला गेला म्हणतो काय आपण?"

आणि हसलास. आजूबाजूचे सगळे हसले. रेगेसाहेबांना तर तो शब्द इतका आवडला की येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत सुटले. "आमचा श्रीधर म्हणतो, ही प्रदक्षिणा आहे!" एका शब्दानं तू सरकारी हुकूम गुंडाळून ठेवलास. मी मात्र हसलो नाही, आणि त्या दिवसापासून मी हँगरातला खडूस झालो.

खरं सांगू? तुला कळत नसतं तर मी तुला माफ केलं असतं. पण तुला कळत होतं रे. धावपट्टीच्या पलीकडून येणारं इंजिन तू डोळे मिटून ओळखायचास. थोरलीचा एक व्हॉल्व्ह जळत आलाय हे तू सायकलवरून उतरता उतरता सांगितलंस, आम्ही हसलो, खोलून बघितलं तर खरंच जळत आला होता. तेल तळव्यावर घ्यायचास, दोन बोटांनी चोळायचास, उन्हात धरायचास. असा कान, असा हात असलेला माणूस, आणि त्याला एक वाक्य बोलता येऊ नये? "साहेब, उडणार नाही." झालं. एवढंच बोलायचं होतं. कळतं पण वळत नाही, ते हे.

तुझं उत्तर एकच. "मी बसतंय मां!"

आपल्यात रीत होती. इंजिनाचं काम केलं, सही केली, की पहिल्या फेरीला सही करणाऱ्यानं पायलटच्या शेजारी बसायचं. चांगली रीत. हात चालवताना माणसाला आठवण राहते की उद्या यात आपण बसणार आहोत. पण तू त्या रीतीची काय वाट लावलीस! काम करायचं आणि मग बसायचं, हा तिचा अर्थ. तू कामच टाकून दिलंस आणि नुसता बसायला लागलास. पहिल्याच काय, प्रत्येक फेरीला. फुलांच्या टोपल्या घेऊन मागच्या सीटवर तूच. कुणी शंका काढली की छातीवर हात, "मी बसतंय मां, काय होना नाय." आणि गंमत अशी की ते सगळ्यांना पटायचं! पायलटला पटायचं, रेगेसाहेबांना तर पटायचंच. श्रीधर स्वतः बसतोय, मग काय प्रश्न आहे. जसं काही ते चाक मागे वळून बघणार, की अरे, आज श्रीधरभाऊ बसलेत, आज नको तुटायला.

शेवटच्या सकाळी चहाच्या टपरीवर मी तुला म्हटलं, तुझं बूड म्हणजे पंप नव्हे. टपरीवाला खो खो हसला. तू पण हसलास. "भास्क्या, कित्याक भियातस रे?" म्हणालास, माझ्या बशीतलं अर्धं बिस्कीट उचललंस आणि गेलास. माझा तुला शेवटचा शब्द 'नव्हे', आणि तुझा मला 'भियातस'. एवढ्या वर्षांच्या दोस्तीचा काय झकास शेवट.

बोरिवलीचं लग्न होतं. कुणा बिल्डरच्या मुलाचं. तू फुलं टाकलीस. किनाऱ्यावरून परत येताना तेलाच्या दाबाचा काटा पडला. जॉर्ज, आपला पायलट, पाय प्लास्टरमध्ये घालून पडलाय, त्यानं मला सगळं सांगितलं. काटा हळूहळू नाही आला खाली, एकदम पडला. तू मागून वाकून बघितलंस आणि म्हणालास, "गेलं चाक." घाबरला नाहीस म्हणे. शिवी दिली नाहीस, देवाचं नाव घेतलं नाहीस. फक्त "गेलं चाक". म्हणजे कुठलं चाक ते तुला विचारावंसुद्धा लागलं नाही! मग इंजिन जाम झालं. जॉर्जनं मनोरीच्या बाजूला चिखलात उतरवलं, पोरानं कमालच केली. त्याच्या कमरेला पट्टा होता. तुझ्या नव्हता, कारण पट्टा लावला तर फुलं टाकता येत नाहीत.

मनोरीच्या कोळ्यांनी तुला होडीत घालून मार्व्याच्या धक्क्यावर आणलं. मी तिथं पोचलो तेव्हा तू लाकडी फळ्यांवर होतास, कुणीतरी अंगावर लुगडं टाकलं होतं. केसांत, कानामागे, कॉलरमध्ये झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. मी एक एक करून काढत बसलो. कशाला काढत होतो मला माहीत नाही. एक कोळीण माझ्याजवळ बसून राहिली, माझं होईपर्यंत उठली पण नाही. आणि मी हँगरात परत आलो तर फोन वाजत होता. लग्नाकडची माणसं. तक्रार होती, निम्मी फुलं मांडव सोडून शेजारच्या मैदानात पडली. त्यांना मी काय बोललो ते इथं लिहीत नाही.

तुला मी किती शिव्या देतोय, पण माझी आई आजारी होती तेव्हा तू भटवाडीहून रोज डबा घेऊन अंधेरीला यायचास. घाटकोपरची ती टेकडी उतरायची, दोन बस बदलायच्या, आणि डब्यात वहिनींच्या हातची कुळथाची पिठी, मऊ भात. आई दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही, तुझ्या डब्यातलं खायची. "मालवणी पोरगं आलं का" असं विचारायची. मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात कुठं म्हणायची पद्धत होती. आता म्हणतो, आणि म्हणून झाल्यावर पुन्हा शिव्या देतो.

कारण ऐक पुढं काय झालं. शोकसभेच्या शेवटी रेगेसाहेब म्हणाले, "श्रीधरनं आयुष्यभर दुसऱ्यांवर फुलं टाकली. तेराव्याला त्याच्या घरावर आपण फुलं टाकणार. धाकटी उडणार, आणि त्यात श्रीधरची लेक बसणार." टाळ्या, श्रीधर! शोकसभेत टाळ्या पडल्या! आणि मंजू उभी राहिली. बारावीतली पोर, तुझंच नाक, तुझीच हनुवटी. डोळे कोरडे. म्हणाली, "बाबा म्हणायचे, जबाबदारी घेणाऱ्यानं आधी स्वतः बसायचं. मी बाबांच्या जागी बसेन." बायका पदर लावून रडायला लागल्या. मला वाटलं उठावं आणि तुझा फोटो उलटा करावा. हे शिकवलंस तू पोरीला? असलेलं एक पोर, तिला वारसा काय दिलास, तर चाक न बदललेल्या विमानात बसायचं!

लोक पांगल्यावर रेगेसाहेबांनी मला बोलावलं. "भास्कर, धाकटीची सही लागेल तुझी."

"चाक बदलल्याशिवाय नाही."

"अरे, कसं बदलणार? स्टोअरला चौकशीवाल्यांनी सील ठोकलंय. चाकं आत."

"मग उडवू नका."

"पण धाकटीला त्यांनी कुठं सील ठोकलंय? म्हणजे त्यांची हरकत नाही."

या माणसाला मी काय बोलू? नवी चाकं कुलपात आणि जुन्या चाकाचं विमान मोकळं, आणि यात त्याला परवानगी दिसली. मी म्हटलं, साहेब, पोरगी बसणार आहे त्यात. तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भास्कर, भावनेचा प्रश्न आहे. एक चक्कर रे. श्रीधर काय म्हणायचा? प्रदक्षिणा!"

तुझा शब्द. तुझ्याच पोरीला वर न्यायला तुझाच शब्द काढला त्यांनी, आणि वर डोळे पुसले. मी सही दिली नाही. म्हणाले, पुण्याहून ओळखीचा इंजिनियर आणतो. चौकशीवाल्यांना मी फोन लावला तर त्यांचे साहेब दिल्लीला, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात येऊन काय त्यांच्याबरोबर मनोरीचा चिखल बघू?

मग भटवाडीला गेलो. कोपऱ्यात तुझा दिवा होता. वहिनींनी पाणी दिलं. मी घोट न घेताच म्हटलं, "वहिनी, मंजूला विमानात बसवू नका. ज्या चाकानं श्रीधर गेला ना, तेच चाक धाकटीत आहे."

"ते चौकशीत कळेल म्हणाले रेगेसाहेब."

"मला कळलंय. श्रीधरला पण कळलं होतं. जॉर्जला विचारा."

मंजू आतून आली. "काहीतरीच काय बोलता काका? विमान खराब असतं तर बाबा बसलेच नसते."

"अगं, तो बसायचा म्हणूनच तर ते खराब राहिलं! स्टोव्हचा वायसर गेला तर आई काय करते? बदलते ना? की तुझ्या बाबांना स्टोव्हशेजारी बसवून पंप मारत राहते?"

"बाबांची आणि स्टोव्हची बरोबरी करताय?" लाल झाली नुसती. "तुम्ही सही दिली नाहीत ना, मग दुसऱ्यांना कशाला भीती घालता? बाबा म्हणायचेच, भास्करकाकांचं काळीज सशाचं."

हे तू घरी बोलायचास, श्रीधर? जेवताना? माझ्या नावानं पोरीला हसवायचास? पण गिळलं. म्हटलं, "असेल बाई. सशाचं तर सशाचं. पण तुझा बाप शूर नव्हता, मंजू. त्याला मरायची भीती नव्हती, मालकाला नाही म्हणायची होती. तेवढ्या एका भीतीपायी तो रोज वर जायचा. सगळे त्याला छाती म्हणायचे. मी नाही म्हणत."

वहिनी उठल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "भावजी, त्यांचा दिवा जळतोय अजून घरात. तुम्ही या आता. आणि परत येऊ नका." मी चपला घातल्या. टेकडी उतरताना मला तुझाच राग येत होता. अरे, तुझ्या बायकोच्या तोंडून ऐकायची ही वेळ तू आणलीस. तू जिवंत असताना मी तुला जे तोंडावर म्हणायचो तेच म्हटलं होतं. मेल्यावर माणूस बदलतो का?

आज तुझा तेरावा. सकाळी मी हँगरात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. म्हटलं, काहीच जमलं नाही तर विमानाच्या पंख्यासमोर आडवा पडतो. दादरहून टोपल्या आल्या होत्या, झेंडू आणि गुलाब. पुण्याचा इंजिनियर कडक इस्त्रीत. त्यानं इंजिन सुरू करून बघितलं, कान वाकडा करून ऐकल्यासारखं केलं, सही ठोकली आणि सावलीत जाऊन पान लावायला लागला. मी विचारलं, "आमच्याकडे पहिल्या फेरीला सही करणारा बसतो. तुम्ही बसणार ना?" म्हणाला, "आमच्याकडे तशी पद्धत नाही." खरं सांगतो, त्या क्षणी मला तुझा अभिमान वाटला. मूर्ख होतास, पण बसायचास तरी.

रेगेसाहेबांच्या गाडीतून मंजू आली. पांढरा ड्रेस, दोन वेण्या. माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांनी तिला धाकटीपाशी नेलं, फोटोग्राफर पुढं सरकला, टोपली तिच्या हातात दिली. मी पंख्याच्या दिशेनं चालायला लागलो होतो. तर ती टोपली हातात धरूनच म्हणाली, "सर, ते चाक बदललंय?"

"कुठलं चाक, बेटा?"

"तेलाच्या पंपाचं."

साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. हसले. "अगं, इंजिनियरांनी तपासलंय सगळं. तुझे बाबा असते तर..."

"चाक बदललंय का, सर?"

"बेटा, मी स्वतः बसतोय ना तुझ्या शेजारी! मी बसतोय म्हटल्यावर कसली भीती?"

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग टोपली खाली ठेवली. म्हणाली, "तुम्ही बसा. मी इथून बघते."

भाड्यानं आणलेला पायलट जमिनीकडे बघायला लागला. दार उघडं, पायरी लावलेली, फुलं तयार. बसा ना! भावनेचा प्रश्न होता ना? रेगेसाहेबांनी सफारीची बटणं चाचपली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "वारा जरा जास्तच दिसतोय आज." वारा दाखवणारा कापडी विंडसॉक दोरीवर वाळत घातलेल्या पायमोज्यासारखा सरळ खाली लोंबत होता. सगळ्यांना दिसत होता. पायलटनं मान हलवली, हो साहेब, वारा आहे. पुण्याच्यानंही मान हलवली. पाच मिनिटांत गाड्या निघून गेल्या. विमानसुरक्षेसाठी प्राण द्यायला तुझ्याशिवाय कुणाला सवड नव्हती.

बघितलंस? एवढंच करायचं होतं. एक प्रश्न दोनदा विचारायचा आणि टोपली खाली ठेवायची. बारावीतल्या पोरीनं केलं. तुला नाही जमलं, आणि तुला तर इंजिनाची भाषा येत होती.

मंजू गेटाकडे निघाली. मला वाटलं न बोलता जाईल, आणि जाऊ दे, मला चाललं असतं. पण माझ्यापाशी थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, बाबांना खरंच माहीत होतं?"

तिला काय हवं होतं ते मला दिसत होतं, श्रीधर. नव्हतं माहीत म्हणा. त्यांना फसवलं म्हणा. एक शब्द खोटं बोललो असतो तर तुला जसाच्या तसा तिच्या हातात परत दिलं असतं. माझ्या जिभेवर आलं पण होतं. पण उद्या आणखी कुणीतरी सफारीवाला तिला सांगणार, तुझ्या बाबांनासुद्धा कळलं नाही ते त्या भास्करला काय कळतंय, चल बस. म्हणून म्हटलं, "माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं."

ती रडली. स्मशानात नव्हती रडली, शोकसभेत नाही. आता गेटाला धरून अशी रडली की वॉचमन खुर्ची घेऊन धावत आला. आणि रडता रडता म्हणाली, "मग बसले कशाला? आम्ही होतो ना घरी."

तुझ्या बाजूनं बोलायला मी शब्द शोधले, आईशप्पथ शोधले. मग तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो.